लाल गाडीतलं लंगडणं

गॅरेजमध्ये आलेल्या गाडीची लिंबू-मिरची मी सगळ्यात आधी सोडतो, कारण बोनेट उघडताना ती मध्ये येते. गिऱ्हाइकं कुरकुर करतात. मी सांगतो, रेडिएटरमध्ये पाणी नसेल तर लिंबू काय करणार? तेव्हा मी कसला माणूस आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल. करणी, बाधा, भुतंखेतं असलं काही कोणी सांगायला लागलं की मी चहा संपवून उठतो. या सदरातले अनुभवसुद्धा आजवर मी हसण्यासाठीच वाचले... आता स्वतःच लिहायला बसलोय, म्हणजे हसायची पाळी तुमची.

दोन हजार तीन किंवा चारचं साल असेल. पाटसला सोलापूर हायवेला लागून माझं गॅरेज आणि त्याच्यामागेच घर. साखर कारखान्याचा हंगाम जोरात होता, उसाचे ट्रॅक्टर दिवसभर रस्ता अडवून चाललेले. माझी बायको सुजाता हिचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. तिचं माहेर शिरूर. ठरलेल्या दिवशी सकाळी मी तिला माझ्या जीपमधून तिकडे सोडणार होतो... चौफुला, केडगाव, मग पारगावचा भीमेवरचा पूल, न्हावरा, शिरूर. तिच्या पिशव्या आदल्या दिवशीच भरून तयार होत्या.

आणि त्या आदल्या दिवशी सकाळीच कासुर्डीहून माझा मामेभाऊ बापू आला, त्याची लाल गाडी घेऊन.

या गाडीबद्दल सांगायलाच हवं. बापू मुंबईत एका गाड्यांच्या शौकिनाकडे ड्रायव्हर होता. मालक परदेशात कायमचा गेला आणि जाताना ही गाडी बापूच्या गळ्यात घालून गेला. दोन दारं, दोनच सीटा, जमिनीला टेकेल इतकी बुटकी, गिअर हातानं टाकायचे आणि जोर मागच्या चाकांना. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हताच, हे पुढे येईलच. अख्ख्या दौंड तालुक्यात तशी दुसरी गाडी नसावी. कासुर्डीत ती बैलांच्या गोठ्याशेजारी उभी असायची!

त्या दिवशी बापूच्या शेजारच्या सीटवर त्याची आई, म्हणजे माझ्या ठकूमामी, पदर खोचून बसल्या होत्या. मामींचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं. आमच्या मामांच्या घरी तेव्हा कळप होता, पुढे विहीर झाली, ऊस आला आणि पायपीट थांबली. एवढं चालून झाल्यावर म्हाताऱ्या माणसाला निवांत बसावंसं वाटेल, तर नाही. या बाईला वेगाचं वेड. सून-लेकींसमोर मुलाला म्हणायच्या, "पळव की जरा! नांगर धरलाय का हातात?" मला त्या लहानपणापासून आवडायच्या, आणि भीतीही तितकीच वाटायची.

"दादा, गाडी आवाज करतीया," बापू उतरता उतरता म्हणाला. "चार दिस झालं. मागनं येतोय."

"आवाज न्हाई," मामी आतूनच बोलल्या. त्यांना त्या बुटक्या सीटवरून उठवायला दोघं लागायचे. "लंगडतीया ती. मागच्या डाव्या पायानं."

मी हसलो. मग मामींना उतरवून घरात सुजाताकडे पाठवलं आणि बापूसोबत एक फेरी मारून आलो. वरवंडच्या बाजूला थोडा रस्ता मोकळा मिळाला. तिसऱ्या गिअरमध्ये वेग घेतला, पाय उचलला... आणि आला आवाज. खट्... खट्खट्... खट्. मागून, डावीकडून. मी क्लच दाबला, तरी आवाज तसाच. न्यूट्रल करून गाडी नुसती सोडून दिली, तरी तसाच. म्हणजे दोष इंजिनाचा नाही आणि क्लचचाही नाही. गाडी हळू झाली तसा तोही हळू झाला. म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जे जे फिरतं त्यातलंच काहीतरी. पण एक गोष्ट मला खटकली. फिरणारी वस्तू बिघडली की तिचा आवाज घड्याळासारखा एका लयीत येतो. हा लयीत नव्हता. पाय टेकवताना दुखावं तसा तो मध्येच अडखळत होता.

परत आल्यावर गाडी मागून जॅकवर घेतली, गिअर टाकून चाकं मोकळी फिरवली. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकेका भागावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, ही आमची जुनी पद्धत. मागचा डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांमधला गिअरांचा गोळा, ऐकला, मधल्या लांब शाफ्टचे सांधे ऐकले, दोन्ही चाकांची बेअरिंगं ऐकली. सगळं लोण्यासारखं. तेल काढून बघितलं, त्यात लोखंडाचा कण नाही. शाफ्ट उतरवला, सांधे हातानं वाकवून पाहिले. डावीकडचं बेअरिंग तर काढून डिझेलनं धुऊन डोळ्यासमोर फिरवलं. खरं सांगतो, इतका जीव लावून सांभाळलेल्या गाडीचं काम करायला मिळणं हेच मोठं सुख होतं. आत कुठे गंजाचा ठिपका नव्हता. बापूचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

दोष मात्र सापडला नाही. सगळं जसंच्या तसं बसवलं, पुन्हा रस्त्यावर काढली, आणि... खट्... खट्खट्... खट्.

मी वैतागलो. दुपार उलटत होती आणि मला दुसऱ्या दिवशीच्या प्रवासासाठी जीप पुसून ठेवायची होती. मामी गॅरेजच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"गावलं का?"

"मामी, गाडीत काही नाही. सगळं उघडून बघितलं. वाजतंय तर वाजू दे, धोका नाही."

"लंगडताना ऐकलंस का न्हाई तू?"

"ऐकलं की."

"मग कुटंतरी लंगडं हायच." त्या एका टायरवर बसल्या. "आरं, आमी सकाळी वाघुरातनं मेंढरं सोडायचो..." वाघूर म्हणजे कळपाभोवती लावायची जाळी. "तवा तुजं आजोबा कळपाकडं पाठ करून हुभं ऱ्हायाचं. बघायचं न्हाई, नुस्तं ऐकायचं. शेकड्यानं खुरं चालत्यात, त्यात एक वाकडं पडलं तरी त्यास्नी कळायचं. मग आमी धरायचो एखादं. त्याचा पाय धड निघाला, तर म्हणायचो का, की आजोबास्नी भास झाला? दुसरं धरायचो. मग तिसरं. घावंस्तवर."

"मामी, ही मेंढरं नाहीत. एक गाडी आहे."

"तुज्या दारात एकच गाडी हाय व्हय?" त्यांनी अंगणाकडे हात केला. तिथे बापूचीच एक जुनी मोटरसायकल दुरुस्त होऊन उभी होती आणि तिच्यापलीकडे माझी जीप. "सगळी धरून बघ."

मी बापूकडे पाहिलं. तो म्हणाला, "दादा, बघ बाबा. न्हाईतर आय हितंच मुक्काम करंल."

आता सांगा, दुसऱ्या गाडीचा बिघाड या गाडीत वाजतो, असं कुठल्या मेकॅनिकनं कधी ऐकलंय का? मी चिडून, नुसतं मामींचं तोंड गप्प करायला उठलो. मोटरसायकलचं मागचं चाक फिरवून दाखवलं. ठीक. "आता त्यो डबा," मामी जीपकडे बोट करून म्हणाल्या. जीप मी आठवडाभर रोज चालवत होतो. तिच्या मागून कसला म्हणून आवाज नव्हता. तरी मागचं डावं चाक काढलं, ड्रम काढला आणि एक्सल, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो लोखंडी दांडा, ओढून बाहेर घेतला. तो मामींच्या हातात द्यायचा, "घ्या, बघा तुमचं लंगडं" म्हणायचं आणि काम संपवायचं असं माझ्या मनात होतं.

दांडा फडक्यानं पुसला तर बेअरिंगच्या जागेजवळ केसाएवढी रेघ. मला वाटलं ओरखडा असेल. नख फिरवलं, नख अडकलं. व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरला आणि हातोडीचा एक घाव घातला, फार जोरातही नाही. दांडा दोन तुकडे होऊन पडला.

तुटलेलं तोंड अंधारल्यासारखं तपकिरी, जुन्या गंजाचं होतं. म्हणजे ती भेग कितीतरी दिवस आतून वाढत आलेली. चकाकणारं ताजं लोखंड कडेला नखाएवढंच. तेवढ्याच जागेवर ते चाक जीपला धरून होतं. दांडा तुटला की त्या जातीच्या जीपचं चाक दांड्यासकट बाहेर निघून जातं, आणि आम्ही निघणार होतो पारगावच्या पुलावरून.

हातोडीचा आवाज ऐकून सुजाता बाहेर आली होती. तिनं तो तुकडा उचलला, त्या चकाकणाऱ्या जागेवर अंगठा ठेवला. तिचा अंगठा पुरून उरला.

"एवढ्यावर जाणार होतो आपण?" ती म्हणाली.

मी खाली बसून दुसरा तुकडा उचलला. मामी मात्र तिच्यावर खेकसल्या, "टाक ते खाली, हात काळं हुत्यात. आन् पोटुशी बाईनं हुभं ऱ्हाऊ न्हाई, बस हितं."

बापूनं ती मोटरसायकल हाणत दौंडहून नवा एक्सल आणला. दिवस मावळायच्या आत मी तो जीपला बसवला. बसवून झाल्यावर मामी म्हणाल्या, "आता लाल पळीव." ध्यानात घ्या, दुसऱ्या फेरीनंतर लाल गाडीला मी बोटसुद्धा लावलं नव्हतं. तोच रस्ता, तोच तिसरा गिअर, तसाच पाय उचलला... काही नाही. पुन्हा पळवली, पुन्हा पाय उचलला. नुसता वारा आणि टायरचा आवाज. तो आवाज त्या गाडीत नंतर कधीच आला नाही.

आता तुम्ही म्हणाल योगायोग. माझा एक इंजिनिअर मित्रही तेच म्हणतो. सांधे उघडून बसवल्यानं आवाज गेला असेल, असं त्याचं मत. मग उघडून बसवल्यावर पहिल्यांदा गेलो तेव्हा तो कसा होता? बरं, भेग पडलेला दांडा तुटेपर्यंत वाजत नाही. वाजलाच असता तर जीपमध्ये वाजला असता. कासुर्डीतल्या गाडीत कशाला वाजेल... इतकी वर्षं मी गाड्या खोलतोय, मला हे अजून जुळवता आलेलं नाही. मामींना एकदा विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाल्या, "मला काय कळलं? वाजलं ते तुला बी ऐकू आलं की. तू एक धरून सोडून दिलंस, एवढंच." दुसरं माणूस असतं तर गावभर अंगात येतं म्हणून मिरवलं असतं. या बाईनं तो विषय परत काढलाही नाही.

सुजाताला मुलगी झाली. बारसं शिरूरला होतं. मामी लाल गाडीतून आल्या, बापूला वाटेत किती पळवायला लावलं ते सगळ्यांना रंगवून सांगितलं आणि मग पाळण्याजवळ गेल्या. बायका गात होत्या, त्यांना हात करून त्यांनी गप्प केलं. पाळण्याकडे पाठ करून त्या उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि बराच वेळ बाळाचा श्वास ऐकत राहिल्या. सगळे हसत होते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मुलगी ठणठणीत आहे म्हणून कधीच सांगितलं होतं, तरीही मी मामींच्या तोंडाकडे बघत थांबलो होतो.

"सरळ चालतीया," मामी म्हणाल्या. "हं, म्हणा आता गाणं."

तेव्हा कुठे मी निर्धास्त झालो.