खंडेनवमीचा शिरा

"दीदी, मैडम ने बोला है, ये डब्बा प्रसाद में नहीं लगेगा."

कैलासभिया आमच्या लॅबचा अटेंडंट. हे बोलताना तो खाली फरशीकडे बघत होता. डबा माझ्या हातात परत दिला आणि निघून गेला.

खंडेनवमी होती. त्या दिवशी आमच्या इंदूरच्या कॉलेजात लॅबच्या मशीनची पूजा होते. आईनं पहाटे उठून शिरा केला होता, हात सैल सोडून तूप घातलं होतं. "तुझ्या मशीनची पहिली पूजा," म्हणाली होती.

माझंच मशीन. ते लॅबमध्ये आल्यापासून मीच चालवत होते. टिकलीएवढी अॅल्युमिनियमची वाटी. तिच्यात द्रवाचा एक थेंब. वर झाकण, झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक. मग हळूहळू तापवायचं, हा एक रन. द्रव उकळायला लागला की उष्णता ओढून घेतो आणि स्क्रीनवरची रेघ एकदम खाली वाकते. वाकायला लागते तिथे उत्कलनबिंदू. भोक नसेल तर वाफ आत कोंडते, आकडा चुकतो, कधी वाटीच फुटते.

हे सगळं मला मॅडमनी शिकवलं. माझ्या पीएचडीच्या गाईड. सुदामा नगरच्या, मराठी. मला बाळा म्हणायच्या, मी त्यांना मावशी. मी परदेशीपुऱ्यातल्या मिल कामगाराची नात. आम्ही मातंग. हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांच्या केबिनमध्ये माझा चहाचा कप वेगळा असायचा, निळ्या फुलांचा. मी समजायचे, लाडानं ठेवलाय.

डबा घेऊन मी लॅबच्या दाराशी गेले. मॅडम बाहेर आल्या.

"आज तू आत नको येऊस गं. संस्था चालवणाऱ्या काकू आल्यात, त्यांचं सोवळं कडक. वाईट वाटून घेऊ नकोस. वर्षभर तूच तर हात लावतेस ना?"

मी हो म्हणाले. सवयीनं.

आत पूजा चालली होती. नुकतीच आलेली एक मुलगी मशीनला कुंकू लावत होती. तिला अजून वाटीचं झाकणही बसवता येत नव्हतं. मला तो निळा कप आठवला. तेव्हा कळला.

आरती झाली. आतून हाक आली.

"बाळा, ये, रन लाव. काकूंना दाखव आपलं मशीन."

आता माझा हात चालणार होता.

मी दारातच उभी राहिले. "मॅडम, मी नाही लावणार."

"अगं, चार माणसांत काय हे?"

"पूजेला माझा हात चालला नाही. आता रनलाही चालणार नाही."

मॅडम. मावशी हा शब्द तोंडातून निघालाच नाही. परत कधीच निघाला नाही.

घरी आईला सगळं सांगितलं. तिनं डबा उघडला, दोन घास खाल्ले. "साखर तर बरोबर पडलीय," म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला. मग बोलली, "तुझ्या आजोबांनाही सालभर मिलची मशीन पुसायला लावायचे आणि नवमीला मागे उभं करायचे. ते लोक अनपढ होते, असं वाटायचं गं मला."

मी कॉलेजच्या समितीकडे लेखी तक्रार दिली. संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "लेकीसारखं वागवलं तुला. घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेलीस." मला रडू फुटलं. कारण मलाही ते घरच वाटत होतं. मला हाताशी धरून शिकवलेलं सगळं खरं होतं, आणि तो कपही खरा होता. अजून हे दोन्ही एकत्र माझ्या गळ्याखाली उतरत नाही.

तक्रार मागे घेतली नाही. कॉलेज सोडलं नाही. रोज जाते, त्याच मशीनवर बसते. चहा माझ्या थर्मासमधला पिते.

पुढच्या खंडेनवमीला आई पुन्हा शिरा करणार आहे. मीच नेणार, पुढच्या दारानं, आणि प्रसादाच्या टेबलावर सगळ्यांत पुढे ठेवणार. ज्याला खायचा नाही, त्यानं माझ्याकडे बघून नाही म्हणावं. कैलासभियाच्या हाती निरोप चालणार नाही.