मच्छरदाणीची शाल

"ही शाल आहे की मच्छरदाणी?" प्रज्ञाताई मागाजवळ वाकून म्हणाल्या. मंगळवार होता. लग्न रविवारी.

वारज्यातल्या फ्लॅटच्या एका खोलीत मी तलम लोकरीचं कापड विणते. टेबलावर मावणारा माग, त्याला एकच ताठ फणी. ती वर-खाली केली की उभे धागे आलटून-पालटून उघडतात. पुढे ओढली की आडवा धागा जागेवर बसतो. यंत्र एवढंच. बाकी सगळं हातावर, आणि माझ्या बाबतीत डोक्यावर. डोकं तापलं की हात जोरात बसतो आणि कापडाचं गोणपाट होतं.

शाल ताईंच्या वडिलांसाठी होती. गायकवाडकाका खडकीच्या कारखान्यातून रिटायर झालेले. नागीण होऊन गेली, फोड वाळले, पण आग राहिली. खांद्यावर कुठलीही शाल टेकली की कळवळायचे. नातीचं लग्न थंडीत, संध्याकाळी, उघड्या लॉनवर. "मला नेऊ नका, घरूनच आशीर्वाद देतो," असं त्यांनी सांगून टाकलं होतं. ताईंना ते सहन होत नव्हतं. म्हणून ही घाईची ऑर्डर. सॅम्पललासुद्धा वेळ नव्हता.

"अहो, ही मुद्दामच विरळ विणतात," मी म्हटलं. "धुतली की लोकर फुलते, भोकं बुजतात."

"आणि नाही बुजली तर?"

"बुजतात."

"जरा घट्ट विणा ना."

"मग घोंगडी होईल."

"मग कॅन्सलच करा. मी दुकानातून बघते."

दुकानांतलं सगळं बघून झालं होतं, हे त्यांनाही माहीत होतं. तरी गेल्या.

मी फणी हातात घेतली, सोडली. गॅलरीत गेले, परत आले. रागही आला होता आणि भीतीही वाटत होती. त्यांना पटवायचा एकच मार्ग होता. विणलेला तुकडा मागावरून कापायचा, धुवायचा आणि काकांच्या अंगावर ठेवून बघायचा. पण एकदा कापलं की धागे पुन्हा बांधण्यात बरीच लांबी वाया जाते. उरलेल्यात पूर्ण शाल होणार नव्हती. नवी लोकर वेळेत येणार नव्हती.

शेवटी कापलाच.

कोमट पाण्यात थोडा शाम्पू. तुकडा नुसता दाबायचा. चोळला की लोकर आटून जाड होते. तो पंख्याखाली वाळत होता आणि मी उगाच येता-जाता हात लावून बघत होते.

सकाळी खडकीत काकांचं घर गाठलं. ताई दार अडवूनच उभ्या होत्या. काकांनी मात्र आत बोलावलं, शर्टाची बटणं सोडली आणि डाव्या खांद्यावर तुकडा ठेवला. डोळे मिटले.

"टोचत नाही," ते म्हणाले. मग स्वतःच्याच बोलण्यावर विश्वास नसल्यासारखे, "थांबा, जरा बघू."

पेपर वाचून होईपर्यंत त्यांनी तो काढला नाही. मग ताईंना विचारलं, "लॉनवर माझी खुर्ची कुठे ठेवणार आहात?"

ताई रडायला लागल्या. मला मात्र खरं सांगणं भाग होतं.

"काका, आता पूर्ण शाल नाही होणार. दोन्ही खांदे झाकणार नाहीत."

"उजव्याला काय धाड भरलीये? त्याला घरचीच चालेल."

रविवारी काका आले. डाव्या खांद्यावर उरलेल्या धाग्यांत विणलेलं माझं पांढरं कापड, उजव्यावर घडी घातलेली जाडजूड तपकिरी शाल. फोटोत विचित्र दिसतं. ते डिझाइनच होतं, असं प्रज्ञाताई सगळ्यांना सांगतात. मी मात्र कापड मागावर असेपर्यंत आता क्लायंटला त्या खोलीत येऊ देत नाही.