उताण्या माणसासाठी छापलेला डाव

मणक्याच्या ऑपरेशननंतर मामाला रोह्याच्या घरी उताणं झोपवून ठेवलं होतं. पाय हलत नव्हते; हलतील की नाही, डॉक्टरही सांगेनात. बुद्धिबळाचा पट मांडला की सोंगट्या छातीवरून घरंगळत खाटेखाली. मोबाईल नको, तो सगळंच दाखवतो म्हणे. "पुस्तकातला एक डाव नुसत्या डोक्यात शेवटपर्यंत नेला, तर समजेन मी अजून हाय," मामा म्हणाला. पण पुस्तकातले डाव म्हणजे इंग्रजी अक्षरं नि आकड्यांची मुंग्यांसारखी रांग.

माझं पेणला लग्नपत्रिका छापायचं दुकान. मी उत्साहानं लागलो कामाला. टपोरी अक्षरं, 'राजापुढचं प्यादं दोन घरं' अशी सरळ मराठी, दर दहा चालींनी पटाचं चित्र. पान इतकं देखणं झालं की वर कोपऱ्यात गणपती टाकायचा मोह मोठ्या कष्टानं आवरला.

मामीनं ते पान त्याच्या तोंडासमोर धरलं. मामा ओळ वाचायचा, डोळे मिटायचा, पुढची वाचायचा. पहिलं चित्र जुळलं तेव्हा चक्क हसला. मग अडला.

"उंटानं घोडा मारला? तिथं घोडा नायच."

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच. त्यानं पान हातानं दूर सारलं. "पाय गेले ते गेले. डोकंपण गेलं गो." मामीनं आणलेली पेज त्यानं परत पाठवली आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी पान पुस्तकाशी ताडलं आणि चूक सापडली. पुढचं चित्र पानावर बसेना म्हणून मी सवयीनं एक अख्खी ओळ उडवली होती, पांढऱ्याची चाल आणि काळ्याचं उत्तर. पत्रिकेत जागा पुरली नाही की दूरच्या चुलत्याला मी असाच उडवतो. पुढच्या चालींचे आकडे कॉम्प्युटरनं आपोआप सरकवले; भोक दिसणार कसं?

"मामा, चाल मीच गाळली."

"व्हय. आणि माझं घड्याळ माकडानं नेलं होतं."

माकडाची ती थाप माझीच; जन्मभर मारलेल्या थापा अशा एकदम अंगावर आल्या. "शपथ! हे बघा पुस्तक."

"तेपण तूच छापलं असशील. दया नको करूस माझ्यावर."

मी पुस्तक तसंच उघडं धरून उभा राहिलो. शेवटी भिंतीकडूनच आवाज आला, "गाळलीस ना? कुठली ते सांगू नको." त्यानं डोळे मिटले. मामी मला खुणावत होती: काहीही म्हणू दे, तू बरोबर म्हण.

"राजाकडचा घोडा आला तिथं," मामा म्हणाला.

चूक होतं. मामी जोरजोरात मान डोलावत होती. माझी जीभ 'हो'वर येऊन टेकली होती.

"नाय मामा. चूक."

मामीनं कपाळाला हात लावला. मामानं तोंड वळवलं, माझ्याकडे बघत राहिला.

"म्हंजे खरंच गाळलीस तू. समजूत काढायची असती तर हो म्हणाला असतास, गाढवा." श्वास घेऊन म्हणाला, "मग वजिराकडचा घोडा. थांब, काळ्यानं काय केलं ते मी बघतो."

आणि त्यानं पुन्हा डोळे मिटले.