भोंग्याआधीचे सहा मैल

धोंडीराम शेळके सोलापुरातल्या एका गिरणीच्या गेटावर टाइमकीपर होता. करमाळ्याकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. मराठी चौथी पास आणि अक्षर वळणदार, म्हणून खात्यात न जाता थेट गेटावरच्या खोलीत बसला. माणसं आत घ्यायची, हजेरी मांडायची, सातचा दुसरा भोंगा झाला की पाच मिनिटांनी गेट लावायचं. मागून येईल त्याचा खाडा. महिन्यात तीन खाडे झाले की नाव कापलं जाई. दिवसभर त्याला मान वर करायला सवड नसे.

त्याला नाद एकच, पळण्याचा. शहरातल्या एका तालमीनं पाडव्याला दहा मैलांची शर्यत सुरू केली, तेव्हा पहिल्याच वर्षी तो उतरला. सुरुवातीला सगळ्यांच्या पुढं सुसाट गेला आणि सहाव्या मैलाला रस्त्याकडेला ओकत बसला. लोक हसले. त्या दिवशी त्याला कळलं, की ताकद सगळ्यांकडं असते, ती पुरवून वापरणं अवघड.

मग वर्षभर तो पहाटे अक्कलकोटच्या रस्त्यानं तिसऱ्या मैलाच्या दगडापर्यंत जायचा आणि परत फिरायचा. सहा मैल. तिथून थेट गिरणी. पहारेकरी कल्लप्पाच्या खोपटात धोतर, कोट आणि टोपी ठेवलेली असे. बायको वच्छला म्हणायची, "बाप्या माणूस चड्डीवर पळतोय, लोकं काय म्हणतील?" तरी पहाटे तीच उठून त्याला दूध-भाकरी द्यायची.

अडचण वेळेची होती. आपण कालच्यापेक्षा जलद गेलो की हळू, हे कळायचं कसं? घड्याळ फक्त गेटावरच्या खोलीत, भिंतीवर. पण पहिल्या मैलाच्या दगडापाशी, चुन्याच्या भट्टीजवळ एक एकटं घर होतं. तिथली बसव्वा याच गिरणीत रीळ खात्यात सूत गुंडाळायच्या कामाला होती. हा परत येताना ती हमखास दार ओढून बाहेर पडत असे. पोर आजारी पडली की तिचा एखादा खाडा व्हायचा, तेवढा सोडता महिनोन् महिने हे चुकलं नाही. बाई अगदी वक्तशीर, असं धोंडीरामनं धरलं आणि तिच्या दारावरून आपली चाल मोजू लागला. ती दारात दिसली, की चाल बरोबर.

दुसऱ्या पाडव्याला बारा दिवस राहिले होते. त्या पहाटे त्याला अंगात जोर वाटला. तिसऱ्या दगडाला न थांबता तो चौथ्यापर्यंत गेला. परतताना मनात धाकधूक होती. पण पाहतो तर बसव्वा नुकतीच दार ओढत होती. दोन मैल जास्त पळूनही वेळ तीच! त्याचा आनंद मनात मावेना. रस्त्यावर दुसरं कुणी दिसेना, तेही त्याला आपल्या लवकर येण्याचंच लक्षण वाटलं. चाल सैल सोडून, घाम पुसत तो निवांत निघाला.

गिरणीची चिमणी समोर आली आणि दुसरा भोंगा झाला.

तो जीव खाऊन धावला. कल्लप्पानं गेट उघडून माणसं आत सोडली होती. त्यानं धोंडीरामला लहान दारानं आत घेतलं. चड्डीवरच कोट चढवून हा खिडकीत बसतो न बसतो, तोच मॅनेजरसाहेब येऊन मागं उभे राहिले. घड्याळात सात वाजून पाच झाले. कल्लप्पानं गेट लावलं.

तेवढ्यात बसव्वा पळत आली. पदर खांद्यावरून घसरलेला, श्वास लागलेला. तिनं खिडकीचे गज धरले.

"अण्णा, एक वेळ घ्या आत. दोन खाडं झाल्यात माजं."

साहेब पाठीमागं उभे होते. धोंडीरामच्या कपाळावरचा घाम हजेरीपटावर टपकला.

"रोज तुझ्यासाठी गेट उघडं ठेवायचं व्हय?" तो ओरडला.

"पर अण्णा, तुमी तर आत्ताच माज्या दारावरनं..."

त्यानं खिडकीची फळी खाली पाडली. साहेबांच्या कानावर पुढचं जायला नको होतं. मग तिच्या नावापुढं तिसरा खाडा मांडला. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

पुढचे आठ दिवस तो भट्टीपाशी आला की तोंड दुसरीकडं करून पळे. ते दार आता त्याच्या वेळेला उघडत नव्हतं. नवव्या दिवशी ती त्याला भट्टीवर दिसली, डोक्यावर चुनखडीची पाटी घेऊन. हात कोपरापर्यंत पांढरे, बोटांना चिरा पडलेल्या. त्याचे पाय आपोआप थांबले.

"त्या दिवशी उशीर का केलास, बसव्वा?"

तिनं पाटी उतरवली. आवाजात राग नव्हता.

"माज्याकडं कुटलं घड्याळ? पैला भोंगाबी हितवर नीट ऐकू येत न्हाई. तुमी म्होरनं परत गेलात की मी दार ओडायची. त्या दिशी पोरीला ताप हुता. म्हटलं, अण्णा अजून गेलं न्हाईत, येळ हाय, पेज पाजून निघू." पाटी पुन्हा उचलत ती म्हणाली, "चुकी माजीच की. दुसऱ्याच्या पायावर कशाला इसंबायचं?"

धोंडीरामला सगळा उलगडा झाला. आजवर तो तिच्यावरून वेळ धरत होता, ती त्याच्यावरून. त्या दिवशी दोघांनाही उशीर झाला, तो त्याच्या पायांमुळं. त्याला लहान दार मिळालं, तिला मिळालं नाही, आणि फळी त्यानं स्वतः पाडली होती.

त्याच दिवशी साहेबांना सांगायला हवं होतं. तो गेला नाही. शर्यत होऊ दे, मग सांगू, असं स्वतःला समजावलं. पुढं कितीतरी वर्षं त्याला याचीच लाज सर्वांत जास्त वाटत राहिली.

शर्यत त्याच रस्त्यानं होती. तो दम राखून पळला. जाताना अकरावा होता, परतीला एकेकाला मागं टाकत तिसरा झाला. भट्टीवरची माणसं रस्त्याला उभी होती. बसव्वा पुढं आली, हातात पाण्याचा तांब्या.

"पळा, अण्णा, पळा!"

त्यानं तांब्या घेतला नाही. मान खाली घालून इतका जोरात सुटला, की शेवटच्या मैलात आणखी एकाला मागं टाकलं. दुसरा आला. पुढचे आठ-दहा दिवस लोक त्या शेवटच्या मैलाचं कौतुक करत होते. बक्षिसाचा फेटा बांधताना साहेबांनी पाठ थोपटली, "आमच्या गिरणीचा गडी!" धोंडीराम तोंड उघडून फक्त "मेहेरबानी" म्हणाला.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी तो साहेबांच्या खोलीत गेला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मी स्वतः भोंग्यानंतर आलो. माझा खाडा मांडा. त्या बाईला परत घ्या.

साहेब हसले. "शर्यतीसाठीच ना? एवढं चालतं. आणि त्या जागी दुसरी बाई घेतली. नियम म्हणजे नियम."

"नियम मलाबी हायच की, साहेब."

"जा, कामाला लाग."

तो शिक्षा मागायला गेला होता, ती मिळाली नाही. घरी वच्छलाला सांगितलं, तेव्हा तिनं चुलीतली लाकडं मागं ओढली. मग म्हणाली, "आदी तिच्याकडं जायाचं, मग साहेबाकडं." ते खरं होतं. दोन-तीनदा तो भट्टीच्या वाटेला लागला आणि वेशीपासून माघारी आला. पावसाळ्यानंतर कल्लप्पानं ओळखीनं बसव्वाला दुसऱ्या गिरणीत बदलीवर, कुणी गैरहजर असेल त्या दिवसापुरतं, लावून दिलं. त्यात धोंडीरामचा काही हात नव्हता. पळणं मात्र त्यानं सोडलं. कुणी विचारलं तर गुडघा दुखतो म्हणायचा.

सहा-सात वर्षांनी ती त्याला नवी पेठेत भेटली, कापडाच्या दुकानाच्या पायरीवर. पोरीचं लग्न ठरलं होतं. तिनंच हाक मारली.

"पळता का अजून, अण्णा?"

"न्हाई."

"का ओ? लई झ्याक पळत हुता."

त्याला त्या दिवशीचं बोलायचं होतं. शब्द जुळवेपर्यंत तिनं हातातली दोन लुगडी त्याच्यापुढं धरली आणि विचारलं, "हिरवं बरं का तांबडं?"

"हिरवं," तो म्हणाला.

ती दुकानात गेली. धोंडीराम पायरीपासून वळला आणि त्या दिवशीचं तसंच मनात घेऊन घरी गेला.