तांड्याच्या विहिरीवर विचारलेला प्रश्न

“बादली खाली ठेवा, साहेब,” हरसिंग नायक म्हणाला.

मी ठेवली. विहिरीभोवती तीस-चाळीस माणसं उभी होती. मे महिना होता, सकाळच्या आठलाच ऊन चटके देत होतं. बादलीत ब्लीचिंग पावडरचं पाणी तयार होतं. ते विहिरीत गेलं नाही, तर कालची सगळी मेहनत फुकट जाणार होती.

हा बंजारा लोकांचा तांडा. फुलसावंगीच्या पुढे, आमच्या दवाखान्यापासून सहा मैल. चाळीसेक घरं आणि उन्हाळ्यात पाणी राहणारी एकच विहीर. हरसिंग तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख. त्याच्या शब्दाबाहेर तिथे कोणी जात नसे. मी सॅनिटरी इन्स्पेक्टर. जिल्हा परिषद नवीनच झाली होती. साथ आली की पेशंट डॉक्टरांकडे आणि पाणी माझ्याकडे, अशी साधी वाटणी होती.

साथ हैज्याची होती, ज्याला आपण कॉलरा म्हणतो. हैज्याचे जंतू पाण्यातून पोटात जातात. उलट्या-जुलाब सुरू झाले की धडधाकट माणूस एका दिवसात सुकतो आणि जातो. यावर माझं काम सोपं दिसतं. विहिरीचा घेर मोजायचा, दोरीला दगड बांधून पाणी किती खोल आहे ते बघायचं, त्यावरून पावडरचं वजन काढायचं. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडायचं आणि ढवळायचं. मग तासभर कोणी पाणी भरायचं नाही. अडचण एवढीच, की या औषधाचा जोर दिवसभरात उतरतो. साथ असेपर्यंत रोज टाकावं लागतं.

पहिला डोस मी आदल्या दिवशी टाकला होता. तोवर तांड्यात दोन माणसं गेली होती. आज पहाटे तिसरी गेली. गोमली नावाची तरणी बाई.

“तुमी काल औषध टाकलं,” नायक म्हणाला, “अन् आज गोमली गेली.”

“नायक, ती परवापासून बिमार होती. औषध तर काल पडलं.”

“ते तुमी म्हनता.”

मागून एक तरुण ओरडला, “हा किरिस्ताव हाय! बाजारात सांगलं मले. पानी बाटवून राह्यला आपलं!”

गर्दीत कुजबुज झाली. नायकाने हात वर केला, सगळे गप्प झाले. त्याने मला सरळ विचारलं, “खरं हाय का?”

आता थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं.

मी ख्रिस्ती घरातला. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. माझी बायको एस्तेरही शिक्षिका. आम्हाला एकच मुलगी, रूथ. आदल्या पावसाळ्यात तिला घटसर्प झाला. हा गळ्याचा रोग, लहान मुलांचा श्वास कोंडतो. त्याचं इंजेक्शन यवतमाळहून आणायचं होतं. मी आणायला निघालो, वाटेत नाल्याला पूर. अख्खा दिवस मी त्या नाल्याकाठी बसून प्रार्थना केली. पाणी उतरलं. इंजेक्शन घेऊन मी घरी पोचलो, तेव्हा रूथला पुरून आले होते. चार वर्षांची होती.

गावोगावच्या मुलांना लस टोचत फिरणारा माणूस मी. त्या दिवसानंतर माझी प्रार्थना बंद झाली. ठरवून नाही, नुसती बंद झाली. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे, मी उपासनेला जाऊन बसायचो, सगळ्यांबरोबर उठायचो, बसायचो. ओठ हलायचे नाहीत. एस्तेरच्या ते लक्षात आलं होतं. एकदाच बोलली. म्हणाली, “तुम्हाला देवाचा राग आलाय तर त्यालाच सांगा. मीही सांगते. पण बोलणं टाकू नका.”

तर अशा माणसाला हरसिंग नायक विचारत होता, तू ख्रिस्ती आहेस का. ‘नाही’ म्हणून मोकळं होता आलं असतं. ‘मी सरकारचा माणूस, धर्माचा इथे काय संबंध’ असंही म्हणता आलं असतं, आणि ते चुकीचं नव्हतं. पण त्याच्या तांड्यातली तरणी बाई पहाटे गेली होती आणि तो मला सरळ प्रश्न विचारत होता.

“खरं आहे,” मी म्हणालो. “मी ख्रिस्ती आहे.”

आठ महिन्यांत ते मी पहिल्यांदाच तोंडाने बोललो. बोललो आणि माझं मलाच नवल वाटलं.

विहिरीसमोरच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. जमनीबाई, गोमलीची सासू. तिथूनच तिने विचारलं, “तुले लेकरं हायेत का?”

“एक पोरगी होती, याडी. गेली.” बंजारा लोक आईला याडी म्हणतात.

“कायनं गेली?”

“बिमारीनं.”

“अन् तुह्या देवानं काहून नाही वाचवली?”

सगळे माझ्याकडे बघत होते. आमच्या चर्चच्या माणसांनी मला या प्रश्नाची बरीच उत्तरं दिली होती. पत्रांतून दिली होती, घरी येऊन दिली होती.

“मले नाही माहीत,” मी म्हणालो. “मी त्याले विचारलंच नाही. बोलनंच सोडलं त्याच्याशी.”

म्हातारी म्हणाली, “मंग आता काय करतं?”

“आता पाणी साफ कराचं. दुसरं मले काही येत नाही.”

नायक दोन-चार म्हाताऱ्यांना घेऊन बाजूला गेला. त्यांच्या बोलीत बोलणं झालं. परत येऊन त्याने सांगितलं, “पह्यले आमची पूजा होईन. मंग औषध पडन. पन तुमच्या हातानं नाही. मी टाकीन.”

“टाका,” मी म्हणालो. “मी शिकवतो.”

त्यांची पूजा होईपर्यंत मी कडुलिंबाखाली उभा राहिलो. मग नायकाला वजन करायला, कालवायला, निवळ पाणी काढायला शिकवलं. त्याने पहिली बादली विहिरीत सोडली आणि मी म्हणालो त्यापेक्षा जास्त वेळ ढवळली.

दुपारी सायकल मारत दवाखान्यात गेलो. आमचे डॉक्टर हुशार पण तापट. ऐकून घेतलं आणि टेबलावर हात आपटला.

“नायक डोस टाकणार? इन्स्पेक्टर कोण आहे, तुम्ही का तो?”

“साहेब, वजन मी बघतो.”

“उद्या पोलीस घेऊन जा. संपला विषय.”

“पोलीस आले तर लोक पेशंट लपवतील. घरात लपवलेला एक पेशंट सगळा तांडा घेऊन जाईल. साहेब, मला तिथेच राहू द्या. साथ आटोपेपर्यंत.”

“आणि नाही आटोपली तर?”

“जबाबदारी माझी. लिहून देतो.”

त्यांनी खरंच कागद पुढे केला. मी लिहून दिलं. त्यांनी तो घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला. “नोकरी जाईल हं तुमची,” एवढं बोलले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी जाऊन कपडे घेतले. एस्तेरने दशम्या बांधून दिल्या. निघताना म्हणाली, “पाणी उकळून प्या. मी दोघांच्या वाटची प्रार्थना करते आहे.”

तांड्यात मला एक रिकामा गोठा मिळाला. रोज सकाळी पूजा, मग नायकाचा डोस. त्यानंतर मी घरोघर फिरायचो. उलटी-जुलाबावर चुना टाकायला सांगायचो, हात धुवायला लावायचो. हैज्याची सुई टोचायला व्हॅक्सिनेटर आला, तेव्हा सगळ्यांसमोर आधी मी टोचून घेतली, मग नायकाने. दुसऱ्या दिवशी दोन नवे पेशंट निघाले. दोघांनाही बैलगाडीने दवाखान्यात पोचवलं, दोघंही जगले. पण जमनीबाईच्या घराचं दार बंदच होतं. मी हाक मारली की आतून “सगळे बरे हाय” एवढंच ऐकू यायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते दार उघडलं. म्हातारीच्या हातावर एक मुलगी होती. गोमलीची सोनी. डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी सुरकुतलेली. पोटाची कातडी मी चिमटीत धरली, ती तशीच उभी राहिली. अंगातलं पाणी संपत आलं होतं.

“कधीपासून?”

“काल दुपारपासून,” म्हातारी म्हणाली. “लपवली व्हती. तुमी नेसान अन् परत नाही देसान, असं वाटलं मले.”

“मग आज कशी आणली?”

“तू खोटं नाही बोलला मह्याशी.”

मुलीचं वय विचारायची मला गरज नव्हती. रूथएवढीच होती.

नायकाने स्वतः बैल जुंपले. सहा मैल मी गाडीत सोनीला मांडीवर घेऊन बसलो आणि मीठ घातलेली पेज चमच्या-चमच्याने तिच्या ओठात सोडत राहिलो. दोन चमचे जायचे, एक बाहेर यायचा. अर्ध्या वाटेवर तिने डोळे फिरवले. नायक मागे वळून बघेना, नुसता बैलांना हाकत होता. म्हातारी माझ्या समोर बसून तिचे पाय चोळत होती. मी चमचा थांबवला नाही.

डॉक्टरांनी मुलीला बघितलं आणि कोणालाच काही न विचारता कामाला लागले. हाताची शीर सापडेना. त्यांनी घोट्याजवळ कातडी उघडून शीर काढली आणि सलाईन लावलं. दोन बाटल्या गेल्या. दुपारी दीडच्या सुमारास सोनीने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

म्हातारी रडायला लागली. नायकाने माझा हात धरला. मला आनंद झाला. आणि त्याच क्षणी असा राग आला, की मला तिथे उभं राहता येईना.

दवाखान्याच्या मागे कोणी नव्हतं. भर दुपार, सगळीकडे ऊन. मी भिंतीला हात लावून उभा राहिलो आणि देवाशी बोललो. मोठ्याने बोललो. हिला सहा मैल बैलगाडीत जिवंत ठेवलीस. माझ्या पोरीसाठी एक नाला वेळेत उतरवता आला नाही तुला? आठ महिने जे साठलं होतं ते सगळं बाहेर आलं. त्यात एकही शब्द उपासनेत म्हणण्यासारखा नव्हता. शेवटी घसा बसला, आणि मग रडू आलं. रूथला पुरल्यानंतर मी रडलोच नव्हतो.

उत्तर काही मिळालं नाही. आभाळातून नाही, मनातूनही नाही. पण एक गोष्ट तेव्हा कळली. समोर कोणीच नाही असं मला खरंच वाटत असतं, तर मी एवढा भांडलो नसतो. आठ महिने मला वाटत होतं, की माझा विश्वास मेला. तो मेला नव्हता, तोंड मिटून बसला होता.

मी तोंड धुतलं आणि आत गेलो. डॉक्टरांनी माझे डोळे बघितले. म्हणाले, “चहा घ्या. मग तांड्यात जा. उद्याचा डोस चुकवू नका.”

चुकवला नाही. पाचव्या दिवसानंतर नवा पेशंट निघाला नाही. शेवटच्या पेशंटनंतर दहा दिवस कोरडे गेले, की साथ संपली असं आमच्याकडे धरतात. ते दहा दिवस मी तिथेच काढले. गोठ्यात रोज सकाळी प्रार्थना करायचो. एक-दोनदा जमनीबाई दारात येऊन उभी राहिली. “आज काय म्हनला तुहा देव?” असं विचारायची. “काही नाही,” मी म्हणायचो. “तू म्हन पन रोज,” म्हणायची आणि सोनीला हाक मारत निघून जायची.

घरी परतलो त्या संध्याकाळी एस्तेर दिवा लावून प्रार्थनेला बसली. मी शेजारी बसलो आणि आधी मी सुरुवात केली. रूथचं नाव घेतलं. तांड्यातल्या गेलेल्यांची नावं घेतली.

“अजून रागावलेले आहात,” ती म्हणाली.

“आहे.”

“असू द्या. चला, जेवायला वाढते.”

डॉक्टरांनी माझा तो कागद माझ्यादेखत फाडला. वर पाठवलेल्या रिपोर्टात विहिरीत डोस कोणी टाकला हा रकाना त्यांनी कोरा ठेवला. त्यांच्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

पुढे मी बरीच वर्षं नोकरी केली, अनेक साथी बघितल्या. दुसरं लेकरू आम्हाला झालं नाही. विश्वासाची परीक्षा एकदा पास झालो आणि संपली, असंही झालं नाही. ती पुन्हा पुन्हा होत राहिली, पण बोलणं मी परत कधी टाकलं नाही. नव्या इन्स्पेक्टरांना माझ्याकडे ट्रेनिंगला पाठवायचे तेव्हा मी त्यांना दोन गोष्टी सांगायचो. लोकांवर पेशंट लपवायची वेळ आणू नका. आणि ज्याचं उत्तर माहीत नाही, तिथे माहीत नाही म्हणा. पहिली गोष्ट सगळे वहीत लिहून घ्यायचे. दुसरी सहसा कोणी लिहीत नसे.