संमेलनाला नको असलेली आई

नेकनूरला आमच्या शेजारी वनमाला राहते. ओडिशातील एका खेड्यातून ती बजरंगची पत्नी म्हणून इथे आली. आमच्या भागात मुलीच कमी झाल्याने कोरडवाहू शेती असलेल्या तरुणांना जवळपास स्थळ मिळेनासे झाले आहे. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचे नवे नाव लिहिले गेले. जुने कोणी विचारले नाही. दिवाळीनंतर बजरंग ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर निघून जातो. मग घरात सासू चंद्रभागाबाई, मुलगी संस्कृती आणि ती, एवढीच माणसे उरतात. दुपारी शेळ्यांपाशी बसून ती आपल्या भाषेत बोलत असते. ऐकणारे कोणी नसते.

संस्कृती दुसरीत आहे. वर्ण आईचा. चंद्रभागाबाई दर रविवारी अंगणात तिला हळद, बेसन आणि साय चोळतात. त्यात दुष्टावा मुळीच नाही. सावळ्या मुलीवर माया करण्याची आमच्याकडची रीतच तशी आहे.

शाळेचे स्नेहसंमेलन यंदा सोमवारी होते. आदल्या दिवशी भिंतीपलीकडचे बोलणे माझ्या कानी आले.

"जोरात चोळ ना आजे, उद्या नाचायचंय मला."

"चोळतेच की माय. आईवर गेलीस, मग चोळायला लई राबावं लागतंय बघ."

"आई, तू नको येऊ उद्या. आजीच येईल."

"कावून?" वनमालाने विचारले.

"वर्गातली स्वप्ना म्हणती, तुझी आई तव्यावानी हाय. अन् तू बोललीस की समदी हसत्यात."

वाटी बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

"आत्या, बस करा," वनमाला सासूला म्हणाली. "निघणार न्हाई त्यो रंग."

"अगं, पोरीच्या भल्यासाठीच करते ना मी."

"मग मला कावून चोळत न्हाई कधी?"

संस्कृती रडवेल्या आवाजात म्हणाली, "असला रंग मला कावून दिलास?"

"माझ्याजवळ तोच होता, बाळा. माझ्या आईनं दिलेला. तिथं आमच्या गावी समद्यांचाच असा हाय. कुणी बघतबी न्हाई."

दुसऱ्या दिवशी वनमाला संमेलनाला गेली. सतरंजीच्या टोकाला, जिथे चपला काढून ठेवलेल्या होत्या, तिथे बसली. नाचताना संस्कृतीची नजर तिच्यावर पडली आणि लगेच वळली.

कार्यक्रम संपला. चंद्रभागाबाई ओळखीच्या बायकांत रेंगाळल्या. संस्कृती एकटीच पुढे निघाली. वनमाला अंतर राखून मागून चालत होती. हाक मारत नव्हती. त्यांच्या मागे मीही घरी निघालो होतो. पेठ संपली, ओढा ओलांडला. तिथून पुढे वर्गातल्या कोणाचेही घर नाही. संस्कृती थांबली, मागे वळून तिने रस्ता नीट पाहून घेतला आणि मग आईचे बोट धरले.

वनमाला तिच्या भाषेत काहीतरी बोलली.

"हळू बोल," संस्कृती म्हणाली. थोडे चालून तिने पुन्हा तोंड उघडले. "पण बोल."