ताजा माल आणि गरम पोटली

कपड्यांच्या दुकानात दोन गोष्टी न मागता साठतात, चिंध्या आणि किस्से. चिंध्या ज्योती घरी नेते. किस्से माझ्या वाट्याला येतात.

आमचं दुकान नई सडकवर, लेडीज सूटचं. मालक काका मराठी. शारदामावशी सगळ्यांत जुन्या. ज्योती मुरारहून येते; तिला मराठी कळतं, पण बोलते हिंदीच. आणि मी ऑनलाइन ऑर्डरी बघते. नुकतीच एम.ए. झालेय, म्हणजे सगळ्यांच्या मते 'भाषण देणारी'!

दुकानाचा एक नियम आहे. शटर वर असेपर्यंत काउंटरवर आम्ही कुणी बसायचं नाही. आणि पाळीच्या पहिल्या दिवशी ज्योती काउंटरला धरून पांढरीफटक उभी! शेवटी मी तिला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "काळजीचं काही नाही. पोट शेका, हलका व्यायाम करा, अधूनमधून बसा. दुखणं वाढलं तर मात्र परत या."

शेकणं जमेल, व्यायामही जमेल. पण बसायचं तर काकांशी बोलायला हवं!

* * *

मी तडक गेले. "काका, ज्योतीला एक स्टूल द्या. पाळीत तिचं पोट फार दुखतं."

काकांनी झटकन कॅल्क्युलेटर ओढला आणि बटणं दाबायला लागले.

"काका, ऐका तरी!"

"हिशोब चाललाय ना, बाळ!"

मी वाकून बघितलं. कॅल्क्युलेटर बंद होता!

* * *

मावशींचं मत एकच. "लग्न झालं की थांबतं गं सगळं."

मी भाषणासाठी श्वास घेतला, तेवढ्यात ज्योतीनं विचारलं, "मौसी, आपका रुक गया था?"

"कुठलं! दोन पोरं झाली तरी दुखायचंच."

"तो फिर?"

"अगं, मलापण असंच सांगितलं होतं!"

* * *

पण मावशी बोलतात तशा वागत नाहीत. ज्योतीचे दिवस आले की थर्मासमध्ये आलं, ओवा आणि गूळ घालून उकळलेलं पाणी हजर. एकदा काकांनी चहा समजून ते कपात ओतून घेतलं. आम्ही तिघी श्वास रोखून उभ्या.

"वा! पोट एकदम हलकं झालं! काय घातलंय?"

"ओवा," मावशी म्हणाल्या. तेवढंच.

तेव्हापासून त्या थर्मासात काकांचा कप ठरलेला. मागच्या महिन्यात तर तक्रारच केली त्यांनी, "हा स्पेशल चहा महिन्यातून चारच दिवस का? रोज आणत जा की!"

* * *

मागच्या खोलीत मी दोघींना आसन शिकवत होते. गुडघे टेकायचे, पुढे वाकायचं, कपाळ जमिनीला. गठ्ठ्यांच्या मधल्या फटीत तिघी अशा ओणव्या, आणि दारात काका!

"काय हरवलं?"

मी खरं सांगणारच होते. ज्योती जमिनीवरूनच म्हणाली, "सुई, भाईसाब!"

अनवाणी काका आल्या पावली परत. आता ते त्या खोलीत चप्पल घालूनच येतात. चपलांचा आवाज आधीच कळतो, त्यामुळे आमचा व्यायाम निर्धास्त चालतो!

* * *

आता पोटलीचं. ज्योतीनं चंदेरीच्या चिंध्यांची एक सुंदर पोटली शिवली. आत सुती अस्तर, त्यात तांदूळ आणि ओवा. दुकानात गॅस नाही, पण इस्त्री आहे ना! पोटली इस्त्रीखाली ठेवायची, मनगटावर ऊब बघायची आणि ओढणीआड पोटाशी धरायची.

एकदा अचानक गिऱ्हाईक आलं आणि ज्योतीनं पोटली दुपट्ट्यांच्या ढिगात सरकवली. त्या बाईंनी नेमकी तीच उचलली.

"अरे, कितनी प्यारी है! पर ये गरम क्यों है?"

काकांना काहीच माहीत नव्हतं, पण अडतील ते काका कसले? "ताजा माल है, मैडम! कपड़ों में रखिए, खुशबू देखिए!"

पोटली विकली गेली. ज्योती काउंटरला धरून जाणाऱ्या पोटलीकडे बघत राहिली.

* * *

पुढच्या महिन्यात त्या बाई परत आल्या. ज्योती तशीच उभी, आणि काकांच्या हातात स्पेशल चहा.

"भाईसाब, छह पोटलियाँ और दीजिए। मेरी बेटी ने बताया ये असल में किसलिए है।"

"किसलिए?" काकांनी कुतूहलानं विचारलं.

"पीरियड्स में पेट सेंकने के लिए! अजवाइन भी उसी के लिए, आपको तो पता ही होगा।"

अजवाइन म्हणजे ओवा! काकांनी ज्योतीकडे बघितलं. मग थर्मासकडे. मग हातातल्या कपाकडे. आम्ही तिघी पंख्याकडे बघत होतो.

कॅल्क्युलेटर हाताशीच होता. पण काकांनी तो घेतला नाही.

"ज्योती, छह बन जाएँगी?"

"बन जाएँगी, भाईसाब। पर सिलाई खड़े-खड़े नहीं होती। एक स्टूल दे दीजिए, बस चार दिन।"

काका उठले. स्वतःच्या गादीमागचं स्टूल उचललं, रुमालानं पुसलं आणि काउंटरच्या आत ठेवलं. मग कपातला उरलेला घोट संपवला.

"चार ही दिन क्यों? रोज बैठा करो।"